सीमा राव : कमांडोंना लढायला शिकवणाऱ्या डॉक्टरने पुस्तक का लिहिलं, सिनेमा का काढला?

सोशल मीडियावर ‘भारताची वंडर वुमन’ म्हणून ज्यांचा फोटो फिरतो, त्या डॉ. सीमा राव यांची ओळख बहुतेक वेळा ‘देशातल्या पहिल्या महिला कमांडो प्रशिक्षक’ एवढ्यावरच थांबते. त्या लेखिकाही आहेत आणि त्यांनी सिनेमाही काढला आहे, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

मार्शल आर्टकडे कशा वळल्या?

सीमा राव मुंबईच्या. वडील प्रा. रमाकांत सिनारी गोवा मुक्तिसंग्रामातले स्वातंत्र्यसैनिक. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच त्यांची ओळख दीपक राव यांच्याशी झाली आणि त्यांच्यामुळे मार्शल आर्टची गोडी लागली. पुढे दोघांनी लग्न केलं. ब्रूस लीचे शिष्य रिचर्ड बुस्टिलो यांच्याकडून त्या ‘जीत कुन दो’ शिकल्या.

लष्कराला काय शिकवलं?

क्लोज क्वार्टर बॅटल, म्हणजे खोलीत, जिन्यात, गल्लीत, शत्रू काही पावलांवर असताना होणारी लढाई. इथे नेम धरायला वेळच नसतो, निर्णय क्षणात घ्यावा लागतो. राव दांपत्याने वीसहून अधिक वर्षं लष्कर, नौदल, हवाई दल आणि पोलिसांच्या कमांडोंना हे तंत्र शिकवलं, तेही मानधन न घेता. २०११ मध्ये दीपक राव यांना प्रादेशिक सेनेत मानद मेजर हे पद मिळालं.

मग पुस्तक कशासाठी?

प्रशिक्षक एका वेळी एकाच तुकडीला शिकवू शकतो. तो थांबला की विद्याही थांबते. त्यामुळे दोघांनी मिळून ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ क्लोज कॉम्बॅट ऑप्स’ हा ग्रंथ लिहिला. ब्रूस लीच्या बाबतीतही असंच घडलं होतं. त्याचं निधन १९७३ मध्ये झालं, पण टिपणांचं पुस्तक १९७५ मध्ये आलं आणि त्याची विद्या जगभर पोहोचली.

आणि सिनेमा?

ग्रंथ जवानांसाठी होता, सामान्य प्रेक्षक तो उघडणार नाही. त्याच्यापर्यंत पोहोचायचं तर पडदाच हवा. ‘हाथापाई’ या हिंदी चित्रपटाची निर्मिती सीमा राव यांनी केली आणि त्यात कामही केलं. जीत कुन दोवरचा हा पहिला भारतीय चित्रपट म्हणून ओळखला जातो.

किंमत काय मोजली?

प्रशिक्षणात त्यांच्या मणक्याला दुखापत झाली. डोक्याला मार लागून काही काळ स्मृतीही गेली होती. कामामुळे वडिलांच्या अंत्यसंस्कारालाही पोहोचता आलं नाही.

८ मार्च २०१९ रोजी त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

लांबून पाहिलं तर ही तीन वेगवेगळी करिअर वाटतात. खरं तर काम एकच, शिकवण्याचं. कधी मैदानात, कधी कागदावर, कधी पडद्यावर.