दीड रुपयाची खोली

१/ परगावी दोन दिवस राहायचे तर आपण स्वस्त लॉज शोधताना भाडे, स्वच्छता आणि स्थानकापासूनचे अंतर पाहतो. शतकापूर्वी या साऱ्याच्या आधी एक प्रश्न येई : आपली जात कोणती?

२/ १९१७. परदेशातील शिक्षण घेऊन परतलेले भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास आले. शिष्यवृत्तीच्या कराराने ती सेवा बंधनकारक होती. हिंदू हॉटेलांत अस्पृश्यास थारा नव्हता. म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले.

३/ अंगावर सदरा-कस्ती नाही, हे तेथील रखवालदाराने हेरले. परंतु धर्मशाळा ओस पडली होती आणि मिळकतीचा मोह सुटेना. अखेर तोड निघाली : नोंदवहीत पारशी नाव लिहावयाचे. भाडे दिवसाला दीड रुपया.

४/ अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला संतप्त पारशांचा जमाव दारात उभा ठाकला. संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मान सुटले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडूनही आसरा मिळाला नाही. मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे.

५/ संविधानाचा अनुच्छेद १५ वाचावा. जातीच्या कारणाने कोणासही प्रवेश नाकारता येणार नाही अशा स्थळांत दुकाने आणि उपाहारगृहे यांच्यासोबत हॉटेलांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर. खोलीचे भाडे त्यांना परवडत होते. नव्हता तो केवळ तेथे राहण्याचा हक्क.