कात्रजचे पाणी आणि पाडव्याची सहल

कात्रजचे तळे आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. पण त्याचे पाणी पूर्वी कोठवर जात असे, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नव्हते. ते पाहावे म्हणूनच यंदा मंडळाने गुढीपाडव्याच्या सकाळी शहराच्या मध्यवस्तीत सहल काढली. सणाच्या दिवशी बायका घराबाहेर कशा, असे काही घरी बोलले गेलेच. आम्ही गुढ्या उभारल्या, कडुनिंब वाटला, डाळ शिजवून ठेवली आणि स्वारगेटची बस धरली.

शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली पहिल्या बाजीरावांनी केली. पुढे पुण्याची वस्ती वाढली आणि पाणी पुरेना. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास आपल्या कात्रजला तळे बांधून तेथून जमिनीखालून नळ काढला. नळ म्हणजे आपल्या मोरीतला नव्हे. माणसाने आत उतरून गाळ काढावा एवढे ते दगडचुन्याचे भुयारच. वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवलेले. तळ्यापासून वाडा सरळ रेषेत धरला तरी आठ किलोमीटर. पंप नाही की इंजिन नाही. कात्रज उंचावर आणि पुणे सखल, एवढ्या उतारावर पाणी वाड्यात आणि पेठांतल्या हौदांत पोचले. दिंडी दरवाजात उभी राहून मी हे सांगितले तेव्हा एक आजीबाई म्हणाल्या, "म्हणजे पेशवे आपले पाणी प्यायले म्हणायचे!"

शेजारीच लाल महाल. आताची इमारत अलीकडची आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो येथे. मग बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलतीकडे पळविले, अशी आख्यायिका आहे आणि 'कात्रजचा घाट दाखविणे' त्यावरूनच आले, असे सांगतात. माहेरी मला या म्हणीवरून फार चिडवीत!

बुधवार पेठेत भिडे वाड्याच्या जागेला हात जोडले. तेथे १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. जुना वाडा २०२३ साली पाडला गेला. तेथून गंज पेठेत फुले वाड्यावर गेलो.

शहरात हौद पुष्कळ झाले, पण सर्वांची घागर त्यांत बुडत नव्हती. अस्पृश्य मानलेल्यांना सार्वजनिक हौदावर मज्जाव होता. दुसऱ्याने वरून ओतले तरच पाणी. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत असते. परंतु घरच्या पाण्यावर रोज कोण येते, शेजारपाजारी काय बोलतात, आपल्याकडे कोण येईनासे होते, हे सारे घर चालविणारीच्या वाट्याला येते. ते सावित्रीबाईंनी कसे सोसले असेल, याचाच विचार मी तेथे करीत होते.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात टँकर येतो. घरमालकिणींचे हंडे पुढे आणि भाडेकरणींचे मागे, अशी रीत पडून गेली आहे. कोणी लावली, ते विचारू नये. वाड्याच्या अंगणात बसून डबे सोडले तेव्हा एका भाडेकरीण भगिनीनेच ती गोष्ट काढली. थोडी वादावादी झाली, दोघी रुसल्याही. अखेर ठरले की यंदा हंडे आल्या क्रमाने लागतील. पहिला टँकर चैत्र पौर्णिमेच्या आधीच आला. रांगेत माझा हंडा अकरावा होता.