मुंबई पाहावी कशी?

मुंबई पाहण्यास जाणाऱ्या मंडळींचा एक ठरलेला क्रम असतो. सकाळी बोरीबंदरावर उतरावे, मान वर करून तो घुमट पाहावा, गेटवेपाशी छायाचित्र काढावे, लाँचने घारापुरीस जाऊन यावे, दुसऱ्या दिवशी मुलांसाठी राणीची बाग, आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ खाऊन रात्रीची गाडी गाठावी. या क्रमात वावगे काही नाही. आम्ही तो पुष्कळदा केला आहे, पाहुण्यांना करविलाही आहे. व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस ‘मुंबईतील प्रेक्षणीय स्थळे’ हा विषय दिला, तेव्हा कामगार संघटनेत जन्म गेलेल्या माणसाला हा विषय कशासाठी, असे प्रथम वाटले. आम्ही वास्तुशास्त्राचे पंडित नव्हेत. गॉथिक कमान कोणती आणि सारासेनिक कोणती, हे आम्ही पुस्तके चाळूनच शिकलो. पगारपत्रक वाचणे मात्र आम्हांस चांगले येते. म्हणून प्रत्येक भव्य वास्तूपुढे उभे राहिल्यावर आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की येथे राबलेल्यांना मजुरी काय मिळाली, आणि ती वेळेवर मिळाली काय? या प्रश्नाचे बोट धरून मुंबई हिंडली तर ती कशी दिसते, तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

आरंभ घारापुरीपासून करू. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास हे लेणे खोदले गेले, असे बहुतेक विद्वान मानतात. आत शिरल्यावर समोर अंधारात सुमारे १८ फूट उंचीची शिवाची त्रिमुखी मूर्ती दिसते. मधले मुख शांत, एका बाजूचे उग्र, दुसऱ्या बाजूचे कोमल. येथे बोलणे आपोआप थांबते. हे लेणे कोणी खोदविले याचा स्पष्ट शिलालेख आज तेथे नाही. परंतु बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची हलकी नाणी पुष्कळ सापडली आहेत. इतकी हलकी नाणी या बेटावर कशासाठी यावीत? अभ्यासकांचा तर्क असा, की ही पाथरवटांची आणि मजुरांची मजुरी असावी. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो होतो. राजाने स्वतःची कीर्ती दगडात लिहून ठेवली असेल किंवा नसेल, पण त्याचे नाव लेण्याशी जोडले गेले ते मजुरीच्या चिल्लरीमुळे! कोण्या पाथरवटाच्या कनवटीतून एखादे नाणे पडले असेल, त्याने ते दिवसभर शोधले असेल, आणि चौदाशे वर्षांनी त्याचाच पुरावा झाला. गाइड लोक हे सहसा सांगत नाहीत. आपण मुद्दाम विचारावे.

पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा हे नाव दिले ते तेथल्या दगडी हत्तीवरून. हा हत्ती आज बेटावर नाही. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, उचलताना तो कोसळला आणि फुटला. तुकडे मुंबईत आले आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. राणीच्या बागेत वाघ-पेंग्विन पाहण्यासाठी धावणाऱ्या मुलांना संग्रहालयाच्या इमारतीजवळचा हा हत्तीही दाखवावा. ते संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडले. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यासाठी खटपट केली होती, आणि १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचेच नाव आहे. तेथे नाना धंद्यांच्या माणसांच्या छोट्या प्रतिकृती आहेत. बोटभर उंचीचा का होईना, कष्टकऱ्याला काचेच्या कपाटात मानाने बसविणारे दुसरे जुने ठिकाण मुंबईत आम्हांस ठाऊक नाही.

आता बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ रोजी येथून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. आज दिसते ती इमारत मागाहूनची. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने ती आखली, १८७८ मध्ये काम सुरू झाले आणि दहा वर्षांनी पुरे झाले. खर्च सुमारे १६ लाख रुपये. दगडातली पाने, मोर, माकडे, मुखवटे यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. घुमटावर एका हाती मशाल आणि दुसऱ्या हाती चाक घेतलेली स्त्री आहे, ती ‘प्रगती’. २००४ मध्ये ही वास्तू जागतिक वारशात गेली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द आला.

परंतु या राजवाड्याचा पाया आमच्या मते बोरीबंदरावर नाही. तो खंडाळ्याच्या घाटात आहे. ठाण्यापर्यंतची लाइन ही सपाटीवरची हौस होती. देशावरचा कापूस आणि धान्य बंदराला आणावयाचे तर सह्याद्री फोडणे भाग होते. बोरघाटाचे काम १८५६ पासून १८६३ पर्यंत चालले. सुमारे १,८०० फुटांची चढण, २५ बोगदे, आणि ऐन भरात कामावर चाळीस हजारांच्या घरात माणसे. बायका आणि पोरेही पाट्या वाहत होती. कड्यावर दोर सोडून त्यांना लोंबकळत सुरुंगाची भोके पाडावी लागत. पटकी येई तेव्हा तळच्या तळ उठत. किती मेले याचा धड हिशेब कोणी ठेवला नाही, हजारांनी मेले एवढे खरे. आणि मजुरी? ती थकत असे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात मजूर उसळले आणि गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून गेले. सरकारला चौकशी करावी लागली. थोड्याच दिवसांत फेव्हिएल नावाच्या त्या कंत्राटदाराच्या हातून काम गेले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल येताच आजाराने मेला, तेव्हा त्याची विधवा अ‍ॅलिस हिने माघार न घेता कंत्राट पुरे करविले. या बाईचे नाव आम्ही आदराने घेतो. परंतु त्या चाळीस हजारांपैकी एकाचे तरी नाव घ्या म्हटले तर आम्हांस घेता येत नाही.

ज्या काळी ‘संप’ हा शब्दही मराठीत रुळलेला नव्हता, त्या काळचे हे भांडण आहे. पुढे १९२० च्या ३१ ऑक्टोबरला याच स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, एम्पायर थिएटरात, लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचा जन्म झाला. स्थानक पाहून झाल्यावर रस्ता ओलांडून त्या बाजूला दोन मिनिटे जाण्यास हरकत नाही.

फोर्टातले राजाबाई टॉवर पाहण्यासारखे आहे. उंची २८० फूट. प्रेमचंद रायचंद या शेअरबाजाराच्या राजाने विद्यापीठाला पैसे दिले आणि टॉवरला आपल्या आईचे नाव द्यावयास लावले. मातृभक्ती थोर खरीच. पण तो पैसा आला कोठून? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये लढाई संपली, भाव कोसळला, मुंबईत पेढ्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंदचे दिवाळे निघाले. त्या मंदीचा फटका खेड्यात पोचला, कर्जे राहिली, आणि १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या त्यामागच्या कारणांत हेही एक होते. टॉवर १८७८ मध्ये पुरे झाले. घड्याळाचे ठोके ऐकताना आम्हांस काळ्या मातीतला कापूस आठवतो, याला आमचा इलाज नाही.

शेजारीच हायकोर्ट आहे. २२ जुलै १९०८ च्या रात्री तेथे लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. कोर्टातली स्मृतिशिला वकील मंडळी अभिमानाने दाखवितात. रस्त्यावर गोळ्या खाल्लेल्यांची शिला नाही.

मरीन ड्राइव्हविषयी थोडक्यात. संध्याकाळी दिवे लागले की शोभा अवर्णनीय, यात वाद नाही. बॅकबेत भराव घालण्याच्या १९२० नंतरच्या योजनेत सरकारने लोकांचा पैसा अक्षरशः समुद्रात घातला, आणि खुर्शेद नरिमन यांनी ते चव्हाट्यावर आणले. आज नरिमन पॉइंटवर उंच उंच कचेऱ्या आहेत. पैसा कसा उधळला जातो हे दाखविणाऱ्या माणसाचे नाव पैशाच्या पेठेला मिळावे, ही गंमत मुंबईतच घडू शकते.

गेटवेची गोष्ट मजेची आहे. राजा पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरला, तेव्हा ही कमान नव्हतीच, तात्पुरता देखावा होता. १९१३ मध्ये कोनशिला बसली आणि १९२४ मध्ये, म्हणजे राजा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी, दार उघडले! समोर सरळ रुंद रस्ता व्हावयाचा होता, पण पैसे संपले, म्हणून आजही कमानीकडे जाणारा रस्ता तिरपा आहे. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची गोरी पलटण याच दारातून बाहेर पडली, एवढे सर्व गाइड सांगतात. दोन वर्षे आधीचे सांगत नाहीत. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या तळावरच्या नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि गोऱ्यांची शिवीगाळ यांवरून काम थांबविले, आणि बघता बघता बंड बंदरभर पसरले. जहाजांवर अन्न संपत आले तेव्हा मुंबईचे लोक फळे, भाकऱ्या, पाव घेऊन गेटवेवर जमले. कोणी पाटीवाला, कोणी हॉटेलवाला. पहाऱ्यावरच्या हिंदी शिपायांनी त्यांना अडविले नाही, उलट टोपल्या होड्यांत चढवू लागले. दुसऱ्या दिवशी, २२ तारखेला, गिरण्या बंद पडल्या आणि परळ-लालबागेत गोळीबार झाला. त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. गेटवेवर छायाचित्र काढताना पाण्याकडेही तोंड करावे, एवढीच आमची सूचना.

समोरच्या ताजमहाल हॉटेलाविषयी, ते उलटे बांधले गेले आणि शिल्पकाराने जीव दिला, अशी कंडी प्रत्येक टांगेवाला पिकवीत असे. ती खोटी आहे. मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचा व त्यांचे सहकारी मिर्झा यांचा. वैद्य काम चालू असतानाच वारले, चेंबर्स या इंग्रजाने ते पुरे केले, आणि १९०३ मध्ये हॉटेल उघडले.

फ्लोरा फाउंटन १८६४ चे. फुलांच्या रोमन देवीपेक्षा तिच्या शेजारी मशाल धरून उभे असलेले शेतकरी-कामगार आम्हांस जवळचे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी येथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पंधरा जण पडले. पूर्ण लढ्यात शंभरावर हुतात्मे झाले, त्यांत गिरणी कामगार किती होते हे त्यांच्या पत्त्यांवरूनच कळते. १९६१ मध्ये स्मारक झाले, तेव्हापासून हा हुतात्मा चौक.

येथपर्यंतची ठिकाणे कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडतील. पुढचे ठिकाण सापडेल, पण घोड्यांच्या शर्यतीसाठी. महालक्ष्मीचे रेसकोर्स! नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. मागण्या ऐका : रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, जखमी होणाऱ्यास भरपाई, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. म्हणजे त्या वेळी तो त्याच्याही पुढे जात होता. २४ एप्रिल १८९० रोजी रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, आणि १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज आपण ज्या रविवारी मुलाबाळांना घेऊन मुंबई पाहतो, तो रविवार कामगारांनी या मैदानावर मिळविला आहे. तेथे तसा ठळक फलक आम्हांस दिसलेला नाही. घोड्यांचे पुतळे मात्र आहेत.

महालक्ष्मीवरून पूर्वेस वळले की गिरणगाव. १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी फिरू लागली, आणि शंभर वर्षांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सारा मुलूख भोंग्यावर उठू-बसू लागला. सहलीची माणसे इकडे फिरकतात ती गणेशोत्सवात, लालबागच्या राजासाठी. तो राजाही १९३४ साली कोळी आणि फेरीवाले यांनी हक्काच्या बाजारासाठी केलेल्या नवसातून बसला. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या. १९९१ च्या नियमाने त्या जमिनींचे तीन वाटे व्हावयाचे होते : मोकळ्या जागा, गरजूंची घरे, आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०१२ पासून गिरणी कामगारांना सोडतीने घरे मिळू लागली, पण अर्जांच्या मानाने ती फार थोडी. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी आज मोठा बाजार आहे, आणि त्याच्या आवारात गिरणीची चिमणी शोभेसाठी राखली आहे.

तर पुढच्या खेपेस मुंबईस जाल तेव्हा अर्धा दिवस इकडे काढा. करी रोडला उतरा, डिलाइल रोडच्या बी. डी. डी. चाळींच्या बाजूने पायी निघा. १९२० नंतर सरकारने बांधलेल्या या चाळींत एका खोलीत पाळीपाळीने माणसे झोपत. चाळींचा पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे जे पाहावयाचे ते लवकर पाहिलेले बरे. दारात एखादा सत्तरी-पंचाहत्तरीचा गृहस्थ बसलेला दिसला तर त्याला एवढेच विचारा, की कोणत्या खात्यात होता, साच्यावर की बाइंडिंगला. तो बसा म्हणेल. चहा येईल, त्याला नाही म्हणू नये.