मॉरिशसच्या डोंगरवाटा

मॉरिशस बेटाचें नांव निघालें कीं डोळ्यांपुढें उभा राहतो तो निळा समुद्र, पांढरी वाळू आणि वाऱ्यावर डुलणारे उंसाचे मळे. परंतु हें बेट मुळांत ज्वालामुखीनें घडविलेलें आहे, आणि त्याचें खरें रूप किनाऱ्यावर बसून दिसत नाहीं. तें पाहावयाचें तर डोंगर चढावे लागतात. डोंगरही कांहीं फार उंच नव्हेत. बेटावरील सर्वांत उंच शिखर ब्लॅक रिव्हर, म्हणजे काळी नदी, या भागांत आहे; त्याची उंची ८२८ मीटर, सह्याद्रींतील कळसूबाईच्या जेमतेम निम्मी. तरीही पाऊस, निसरडी माती आणि उभे काळे कडे यांमुळें या वाटा चढणाराचा घाम काढतात. आज देशोदेशींचा प्रवासी पाठीवर पिशवी टाकून हौसेनें त्या चढतो. याच बेटांत दोनशें वर्षांहून अधिक काळ मोकळेपणानें पायीं हिंडणें ही गोष्ट बहुसंख्य माणसांना मना होती, आणि ज्यांनीं हीं रानें प्रथम तुडविलीं त्यांच्यापैकीं कित्येकांना त्याबद्दल कान, पाय किंवा प्राण द्यावे लागले, हें त्याला बहुधा ठाऊक नसतें.

बेटावर मूळची मनुष्यवस्ती नव्हती. १५९८ मध्यें डच खलाशी उतरले, त्यांनीं आपल्या राजपुत्राचें नांव बेटाला दिलें, आणि १६३८ पासून तेथें वसाहत करून अबनूसाचीं झाडें तोडण्यास आरंभ केला. ऊंस आणि जावांतील हरिण हीं दोन्ही त्यांनींच आणलीं. डोडो पक्षी त्यांच्याच काळांत नाहींसा झाला. तोडणारे हात मात्र मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे होते, आणि त्यांतील कित्येक संधि सांपडतांच रानांत पसार झाले. १७१० मध्यें डच कंटाळून निघून गेले. पुढें फ्रेंचांनीं १७१५ मध्यें बेटाचा ताबा घेतला व १७२१ पासून तेथें कायमची वस्ती केली. पळून जाणाऱ्या गुलामांना ते ‘मारों’ म्हणत.

या मारोंविषयीं फ्रेंच सरकारनें १७२३ मध्यें जो कायदा लागू केला तो वाचला म्हणजे अंगावर शहारे येतात. एक महिना फरारी राहिलेल्या गुलामाचे कान कापावे व खांद्यावर राजचिन्हाचा डाग द्यावा. तोच पुन्हां पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडावी. तिसऱ्या खेपेस देहान्त. गुलामांच्या हातांशिवाय मळेवाल्याचें चालत नव्हतें. त्याला भय होतें तें पायांचें. कायदा लिहिणाराला हें नेमकें उमगलेलें दिसतें. १७३५ मध्यें आलेला गव्हर्नर ला बूर्दोने यानें तर पळालेल्यांच्या पाठलागासाठीं गुलामांतूनच हत्यारबंद माणसें निवडलीं. रान जाणणाराच रानांतला माग काढील, हा त्यामागचा हिशेब. मग मारोंनीं आणखी आंत जावें, जेथें घोडा जात नाहीं आणि बंदूक घेऊन चढवत नाहीं अशा घळींत व गुहांत राहावें, हें ओघानेंच आलें. आजची नेमकी कोणती पायवाट त्यांची, हें बोट ठेवून सांगतां येत नाहीं. माग न ठेवणें हेंच तर त्यांचें कौशल्य होतें. बेटाच्या नैर्ऋत्य टोंकाला समुद्रांत घुसलेला ल मोर्न हा डोंगर त्यांचा आश्रय म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची हकीकत पुढें येईलच.

१८१० मध्यें इंग्रजांनीं बेट जिंकलें. त्यानंतरच्या मॉरिशसचें एक मजेदार चित्र चार्ल्स डार्विन यानें रेखाटून ठेवलें आहे. ‘बीगल’ जहाज १८३६ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस पोर्ट लुई बंदरांत आलें, आणि थोड्याच दिवसांत डार्विन गांवामागचा ल पूस हा डोंगर चढला. ‘पूस’ म्हणजे आंगठा. माथ्यावरचा सुळका मुठींतून वर काढलेल्या आंगठ्यासारखा दिसतो. उंची ८१२ मीटर. मोका गांवाच्या बाजूनें चढण सोपी आहे, आणि पहिल्यानेंच येणारानें याच डोंगरापासून आरंभ करावा हें बरें. वरून एका बाजूस बंदर व जहाजें, दुसऱ्या बाजूस पीटर बोथचें शिखर दिसतें. त्याच्या टोंकावर एक प्रचंड धोंडा मानेवर डोकें ठेवावें तसा तोललेला आहे. रानांत पऱ्यांचें नृत्य पाहून तें गुपित फोडणारा एक गवळी दगड होऊन तेथें उभा आहे, असें बेटावर सांगतात.

डार्विनला डोंगराइतकेच तेथले रस्ते आवडले, आणि ते बांधणारीं माणसेंही. हीं माणसें हिंदी कैदी होतीं. बंगाल व मुंबई इलाख्यांतून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले लोक १८१५ पासून या बेटावर पाठविले जात. डार्विनच्या वेळीं ते सुमारें आठशें होते. त्यांच्या पांढऱ्याशुभ्र दाढीमिशा व भारदस्त चेहरे पाहून हिंदुस्थानचे लोक असे रुबाबदार असतील याची आपल्याला कल्पना नव्हती, असें त्यानें मोकळेपणानें लिहिलें आहे. खडी फोडणारांच्या मनांत त्या साहेबाविषयीं काय आलें, तें लिहून ठेवणारा कोणी नव्हता.

१ फेब्रुवारी १८३५ रोजीं गुलामगिरी कायद्यानें बंद झाली. मळ्यांना हात हवेच होते. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानांतून कराराचे मजूर आणण्यास सुरुवात झाली होती. पुढील पाऊणशें वर्षांत असे सुमारें साडेचार लाख लोक पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. जेथें सोळा पायऱ्या चढून ते बेटावर प्रथम पाऊल टाकीत, ती जागा आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जतन केलेली आहे. २००६ मध्यें तिचा जागतिक वारशांत समावेश झाला. बहुतेक लोक कलकत्त्याहून व मद्रासेहून आले. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसें होतीं. त्यांच्या वंशजांचीं घरें आजही ब्लॅक रिव्हर जिल्ह्यांत आढळतात, आणि गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्यें सार्वजनिक सुटी असते.

हे मजूर गुलाम नव्हते. पण पायांतली बेडी पुरती सुटलेली नव्हती. पांच वर्षांचा करार संपलेल्या माणसालाही १८६७ च्या कायद्यानें आपल्या छायाचित्रासह एक परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो ज्या जिल्ह्याचा असेल तो जिल्हा विनापरवाना सोडला तर भटक्या म्हणून त्याला अटक होई. आजारी भावाला भेटावयास निघालेला मनुष्य कागद घरीं विसरला, तर त्याची वाट पोलीस ठाण्यांत संपे. छायाचित्राचा खर्चही त्याच्याच माथीं. या जुलुमाविरुद्ध आदोल्फ द प्लेविट्स या युरोपीय मळेवाल्यानें १८७१ मध्यें एक अर्ज तयार केला. स्वतः मळेवाला असून मळेवाल्यांचा रोष पत्करणारा हा गृहस्थ विरळाच. त्या अर्जावर ९,४०१ हिंदी मजुरांनीं सह्या-आंगठे केले. इंग्लंडहून शाही चौकशी मंडळ आलें; त्याच्या दोघां सभासदांपैकीं विल्यम फ्रिअर हे मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरींत राहिलेले गृहस्थ होते. १८७५ मध्यें अहवाल निघाला, १८७८ मध्यें नवा कायदा झाला, आणि पाश हळूहळू सैल होऊं लागला.

यानंतर वीस वर्षांनीं जें घडलें त्याचें महत्त्व या पार्श्वभूमीवर कळतें. १८९७ मध्यें उत्तरेकडील त्रियोले गांवच्या एका गिरी गोसाईं पुजाऱ्याला स्वप्न पडलें, कीं दक्षिणेच्या पठारावरील रानांत असलेल्या एका तळ्याच्या पाण्याचा गंगेशीं संबंध आहे. पुढच्या वर्षीं महाशिवरात्रीला कांहीं भाविक त्या तळ्याकडे पायीं निघाले. जिल्ह्यांमागून जिल्हे ओलांडून, उंसाच्या मळ्यांतून व चिखलांतून, ज्यांच्या वडिलांना वेशीबाहेर पडतांना कागद दाखवावा लागे, ते लोक चालत गेले. तें तळें म्हणजे ग्रां बासें, आजचा गंगा तलाव. १९७२ मध्यें त्यांत गंगेचें पाणी आणून ओतलें गेलें. आतां शिवरात्रीला लाखों माणसें तेथें लोटतात, खांद्यावर फुलांनीं सजविलेल्या कांवडी घेऊन; आणि मोटारी असूनही पुष्कळजण चालतच येतात.

गंगा तलावाजवळच ब्लॅक रिव्हरचें राष्ट्रीय उद्यान आहे. १९९४ मध्यें स्थापन झालेल्या या सुमारें साडेसहा हजार हेक्टर रानांत बेटावरील चांगल्यांतल्या चांगल्या पायवाटा आहेत. हें रान राहिलें तें कोणाच्या दयेमुळें नव्हे. घळी इतक्या उभ्या कीं तेथें ऊंस लावतां येईना. १९७४ मध्यें बेटावरच्या ससाण्यांपैकीं अवघे चार ज्ञात होते. त्यांची जात माणसांच्या परिश्रमानें वांचली. मात्र रानांत चिनी पेरूचें झुडुप बेसुमार माजलें आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला शत्रु मानतात, आणि हंगामांत सारें बेट तें आंबटगोड लाल फळ तोडावयास टोपल्या घेऊन तेथेंच जातें!

राहिला ल मोर्न. ५५६ मीटर उंचीचा, तिन्ही बाजूंनीं समुद्र असलेला हा खडक मारोंचा गड. १८३५ मध्यें गुलामगिरी संपल्याची वार्ता सांगण्यास शिपाई वर येत होते, त्यांना पाहून आपल्याला धरावयास आले असें समजून वरच्या लोकांनीं कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा आहे. तिला कागदाचा आधार नाहीं. पण पिढ्यानपिढ्या ती सांगितली गेली आहे, आणि १ फेब्रुवारीला डोंगराच्या पायथ्याशीं लोक जमतात ते तिच्यासाठींच. २००८ मध्यें डोंगर जागतिक वारशांत गेला. तरीही चढण्याची वाट खाजगी जमिनींतून जात असल्यामुळें सर्वसामान्यांना ती बराच काळ बंद होती; २०१६ मध्यें ती खुली झाली. पहिला निम्मा रस्ता रुंद व सावकाश चढणारा आहे. मग एकाएकीं खडक लागतो आणि हातांनीं धरून चढावें लागतें. पाऊस पडून गेला असेल तर तेथूनच मागें फिरलेलें बरें. खालीं प्रवाळाची कड, तिच्या आंत पाचूसारखें उथळ पाणी, बाहेर गडद समुद्र. माथ्याच्या थोडें खालीं एक क्रूस उभारलेला आहे. सार्वजनिक वाट तेथें संपते. मारों जेथें राहत तो माथा त्याच्या पलीकडे आहे.