ढवळ्याचं डावं शिंग

डोळे मिटा. आता उघडा. तुम्ही कारंज्याच्या शिवारात, बाभळीच्या विरळ सावलीत धुऱ्यावर बसला आहात. काळ 1980 च्या आसपासचा. वाशीम जिल्हा व्हायचा आहे 1998 मध्ये. तूर्तास हा मुलूख अकोल्यात मोडतो. मांडीवर फळी, फळीवर कागद, शेजारी पाण्याचा डबा आणि जलरंगांची पेटी.

ऊन पौषातलं, तरी दहा वाजताच मान तापली आहे. आभाळाचा निळा रंग ओढता ओढता वाळतो. वऱ्हाडची कोरडी हवा कागद ओला राहूच देत नाही, हात चालवा! समोर पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटली आहे. बायका कमरेला ओटी बांधून कापूस वेचताहेत. वाळल्या बोंडांची टरफलं नखांना बोचतात, पण गप्पा दोन वावरं पलीकडे ऐकू जाताहेत.

मानेवर गरम श्वास लागतोय? मागे पाच-सहा पोट्टे उभे आहेत.

‘काय काढून राह्यले भाऊ?’

‘बैलबंडी.’

‘मंग माह्या आज्याले बी काढा नं!’

आजोबा कासरा गुंडाळत येतात, वाकून बघतात, मान हलवतात. ‘भाऊ, हा बैल आमचा नाई. आमच्या ढवळ्याचं डावं शिंग तुटकं हाय.’

तुम्ही समोर बघता. खरंच की! दोन्ही शिंगं सवयीने सारखीच काढलीत. ओल्या कुंचल्याने डावं टोक हलकेच भिजवा, फडक्याने टिपा. ‘हां, आता झाला ढवळ्या!’

तेवढ्यात पोट्टे रुळांकडे पळतात. शकुंतला आली! मूर्तिजापूर ते यवतमाळ, 113 किलोमीटरची अरुंद वाट, आणि पुढे मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन. 1994 मध्ये डिझेल येईल. तोवर हा धूर, ही शिट्टी आणि दातांत कचकचणारी काजळी. दोनचार कण तुमच्या आभाळात येऊन बसतात. खिडकीतली अनोळखी म्हातारी हात हलवते, तुम्हीही हलवा.

दुपारी वेचणी थांबते. फडक्यातून ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा निघतो. एक मावशी बुक्कीने कांदा फोडते. ‘बसा नं, दोन घास खा.’ ठेच्याने कानशिलं तापतात, डोळ्यांत पाणी येतं. मावशी चित्राकडे बघते. ‘वावर एवढं काळं कुठं असते?’ ती एक ढेकूळ फोडून तुमच्या तळहातावर ठेवते. आत ओल आहे, आणि रंग जुन्या गुळासारखा. तुमच्या पेटीतला काळा तिथेच हरला. तपकिरीत जरा निळा मिसळा. जमलं.

ऊन कलतं. आजोबा चित्र मागून घेतात आणि सरळ ढवळ्यासमोर धरतात. ढवळ्या हुंगतो. खालच्या ओल्या मातीरंगावर त्याच्या नाकाचा गोल ठसा उमटतो. पोट्टे श्वास रोखून तुमच्याकडे बघतात.

पुसू नका. सहीची जागा तीच.