गेमिंग कन्सोलमधील थर्मल पेस्ट

थर्मल पेस्ट म्हणजे संगणकीय चिप आणि तिच्यावर बसवलेला हीट सिंक यांच्यामध्ये लावला जाणारा उष्णतावाहक लेप होय. व्हिडिओ गेम कन्सोलमध्ये हा लेप कारखान्यातच लावलेला असतो. काही वर्षांच्या वापरानंतर तो वाळतो किंवा चिपच्या मध्यभागातून कडेला सरकतो आणि यंत्र प्रमाणाबाहेर तापू लागते. जुना लेप काढून नवा लावणे ही प्लेस्टेशन ३, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स ३६० यांसारख्या कन्सोलची परिचित दुरुस्ती आहे. या दुरुस्तीने तापमान उतरते. बिघडलेली चिप मात्र सुधारत नाही.

कार्य

चिपचा पृष्ठभाग आणि हीट सिंकचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते खडबडीत असतात. ते एकमेकांवर दाबून बसवले तरी काही ठिकाणीच टेकतात. उरलेल्या फटींत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन आहे, तर हवेची केवळ ०.०२६ च्या आसपास. भिंतीला रंग देण्यापूर्वी लांबी भरून बारीक भेगा बुजवतात, त्याप्रमाणे हा लेप त्या फटींतील हवेची जागा घेतो. सिलिकोन तेलासारख्या माध्यमात झिंक ऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा चांदी यांचे अतिसूक्ष्म कण मिसळून तो तयार करतात.

सामान्य लेपांची उष्णतावाहकता दहा वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, म्हणजे लेप हवेपेक्षा कितीतरी सरस, पण तांब्यापुढे अगदीच दुबळा. म्हणूनच त्याचा थर जितका पातळ तितका चांगला. भरपूर लेप लावला की यंत्र अधिक थंड राहते, ही समजूत मुळातच उलटी आहे.

लेप जुना का होतो

कन्सोल सुरू केला की चिप तापून प्रसरण पावते, बंद केला की आकुंचन पावते. चिप आणि हीट सिंक यांचे प्रसरण सारखे नसल्याने त्यांमधील फट दर खेपेस किंचित बदलते आणि लेप थोडाथोडा कडेला ढकलला जातो. त्याच वेळी त्यातील तेलकट अंशही कमी होत जातो. जुना कन्सोल उघडल्यावर चिपच्या कडांना लेपाची वरंबी आणि मध्यभागी कोरडा, खडूसारखा थर आढळतो, तो यामुळेच.

बाहेरून जाणवणारे पहिले लक्षण म्हणजे पंख्याचा आवाज. तापमान वाढले की पंखा वेगाने फिरतो. प्लेस्टेशन ४ च्या पंख्याची जेट विमानाशी केलेली तुलना खेळाडूंमध्ये रूढच झाली आहे. पुढच्या टप्प्यात पडद्यावर इशारा येतो आणि शेवटी यंत्र आपोआप बंद पडते. मात्र यातली प्रत्येक गोष्ट लेपामुळेच घडते असे नाही. हीट सिंकच्या पात्यांत साचलेली धूळ हेही तितकेच सामान्य कारण आहे आणि ती काढणे कमी जोखमीचे आहे. प्लेस्टेशन ४ साठी खोलीचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सियस असावे, असे निर्मात्या कंपनीने नमूद केले आहे. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो; अशा वेळी टीव्हीखालच्या बंद शोकेसमध्ये ठेवलेला कन्सोल नवा लेप लावूनही तापणारच.

बदलण्याची पद्धत

२०१३ साली बाजारात आलेल्या पहिल्या प्लेस्टेशन ४ चे उदाहरण घेता येईल. त्याचे काही स्क्रू मधोमध टोक असलेल्या टॉर्क्स जातीचे असल्याने ते काढण्यास छिद्र असलेला स्क्रूड्रायव्हर लागतो. वीजपुरवठ्याचा भाग यंत्राच्या आतच असतो. त्यातील कपॅसिटरमध्ये वीजभार शिल्लक राहू शकतो, त्यामुळे तो भाग अखंड बाहेर काढतात, उघडत नाहीत. डिस्क ड्राइव्हच्या चपट्या फिती ओढल्यास फाटतात. नवख्यांच्या हातून होणारे नुकसान पुष्कळदा इथेच होते. शेवटी मदरबोर्डच्या मागे असलेला, हीट सिंक दाबून धरणारा धातूचा क्लॅम्प सोडवतात.

जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न झडणाऱ्या कापडाने पुसतात. खरवडण्यासाठी धातूचे हत्यार वापरत नाहीत. या चिपवर धातूचे झाकण नाही. सुमारे ३५० चौरस मिलिमीटरचा सिलिकॉनचा उघडा पृष्ठभाग थेट हीट सिंकला भिडतो. एखादा कोपरा लेपाविना राहिला तर तेवढाच भाग तापतो, म्हणून थर पातळ, पण संपूर्ण पृष्ठभागावर पसरलेला असावा लागतो. मेमरी चिपांवर लेप नसून मऊ थर्मल पॅड असतात. ते फाटले तर त्याच जाडीचे नवे बसवावे लागतात. त्या जागी लेप लावल्यास अंतर भरून निघत नाही. जोडणी करताना क्लॅम्पचे स्क्रू एकाआड एक, थोडेथोडे आवळतात.

प्लेस्टेशन ३ चे प्रकरण याहून अवघड आहे. तिथे मुख्य चिपांवर धातूचे झाकण असून लेपाचे दोन थर असतात, एक झाकणावर आणि दुसरा झाकणाखाली. वरचाच थर बदलल्यास फायदा अपुरा ठरतो. खालच्या थरासाठी झाकण पात्याने कापून काढावे लागते आणि त्यात चिप गमावण्याचा धोका असतो.

एक्सबॉक्स ३६० आणि एक गैरसमज

२००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये पुढील बाजूस तीन लाल दिवे लागून यंत्र बंद पडण्याचा दोष मोठ्या प्रमाणावर आढळला. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषापुरती वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. लेप बदलणे, क्लॅम्पऐवजी बोल्ट बसवणे, इतकेच नव्हे तर चालू यंत्र टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवणे असे घरगुती उपाय तेव्हा सर्वत्र पसरले. यंत्र काही काळ चालूही होई, त्यामुळे उपाय लागू पडल्यासारखे वाटे. २०२१ मध्ये प्रकाशित झालेल्या माहितीपटात कंपनीच्या अभियंत्यांनी सांगितले की, वारंवार तापणे आणि थंड होणे यामुळे घटकांच्या आतल्या सूक्ष्म जोडण्या तुटत होत्या. अशी जोडणी तुटल्यावर नवा लेप निरुपयोगी ठरतो. यंत्र धडधाकट असताना वेळेवर बदललेला लेप चिपवरचा ताण कमी करतो, एवढाच त्याचा अधिकार.

द्रवरूप धातू

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये सोनीने लेपाऐवजी द्रवरूप धातू वापरला. त्याच्या तयारीस दोन वर्षांहून अधिक काळ लागल्याचे कंपनीने सांगितले आहे. अशा मिश्रधातूंचा मुख्य घटक सहसा गॅलियम असतो. ते लेपापेक्षा कितीतरी चांगले उष्णतावाहक असतात, परंतु वीजवाहकही असतात. एखादा थेंब भोवतालच्या घटकांवर ओघळला तर शॉर्टसर्किट होते. गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतो, म्हणून त्याच्याशी संपर्क येणारा हीट सिंक ॲल्युमिनियमचा चालत नाही. जुन्या कन्सोलच्या सवयीने प्लेस्टेशन ५ उघडणे धोक्याचे आहे.

वॉरंटी

कन्सोलच्या स्क्रूंवर ‘काढल्यास वॉरंटी रद्द’ अशा आशयाच्या चिकटपट्ट्या लावण्याची प्रथा होती. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सहा कंपन्यांना पत्रे पाठवून अशा अटी बेकायदेशीर ठरू शकतात, असा इशारा दिला. त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तिन्ही कन्सोलनिर्मात्या कंपन्या होत्या. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कंपन्यांच्या दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीविषयीची माहिती एकत्र मिळावी, हा त्यामागील उद्देश आहे.