प्रोग्राम बंद पडला, तरी जागा अडलेलीच! 'आयपीसीएस' कमांड नेमकं काय दाखवते?

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. नोटबंदीनंतरचे ते दिवस होते. गावातल्या छोट्या दुकानदारांकडेही कार्ड स्वाइप करण्याची मशीन आली. दुकानात कार्ड घासलं की पुढचं सगळं काम गावापासून दूर असलेल्या सर्व्हरवर होतं. तो सर्व्हर अडला तर दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांकडे बघत बसतात. बँक असो, रेशन दुकान असो की सेतू केंद्र, 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य शहापूर-मुरबाडमध्ये कोणालाच नवीन नाही.

सर्व्हर अडण्याची कारणं अनेक असतात: वीज जाते, नेटवर्क तुटतं, गर्दी वाढते. पण एक कारण असं आहे, जे सहज नजरेला पडत नाही. बंद पडलेल्या प्रोग्रामने मागे ठेवलेली साधनं कॉम्प्युटरमध्ये तशीच अडून राहतात. ती शोधण्यासाठी युनिक्स आणि लिनक्स सिस्टीमवर 'आयपीसीएस' नावाची कमांड असते.

आयपीसी म्हणजे काय?

चालू असलेल्या प्रोग्रामला 'प्रोसेस' म्हणतात. प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी असते आणि एकीला दुसरीच्या मेमरीत डोकावता येत नाही. सुरक्षिततेसाठी हे बरंच आहे. पण मोठ्या सर्व्हरवर एकच काम अनेक प्रोसेस मिळून करतात. एक मागणी घेते, दुसरी शिल्लक तपासते, तिसरी नोंद करते. त्यांना आपसात बोलावं लागतं. या बोलण्याच्या व्यवस्थेला 'इंटर-प्रोसेस कम्युनिकेशन', थोडक्यात आयपीसी म्हणतात.

आयपीसीएस कमांड यातली तीन साधनं दाखवते:

१. शेअर्ड मेमरी: अनेक प्रोसेसनी मिळून वापरायचा मेमरीचा तुकडा.

२. मेसेज क्यू: निरोपांची रांग. एक प्रोसेस निरोप ठेवते, दुसरी सवडीने उचलते.

३. सेमाफोर: पाळी सांभाळणारा सिग्नल. दोन प्रोसेसनी एकाच वेळी एकाच जागी लिहू नये, म्हणून एकीला थांबवून दुसरीला सोडणारा. रेल्वेच्या जुन्या, हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलचंही नाव हेच.

ही व्यवस्था १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये तयार झाली आणि १९८३ मध्ये आलेल्या 'युनिक्स सिस्टीम फाइव्ह'मुळे सगळीकडे पसरली. म्हणून तिला आजही 'सिस्टीम फाइव्ह आयपीसी' म्हणतात.

अडचण कुठे येते?

प्रोसेस संपली की तिची स्वतःची मेमरी सिस्टीम परत घेते. आयपीसीची ही तीन साधनं मात्र कोणा एकाची नसतात, म्हणून ती आपोआप जात नाहीत. प्रोग्रामने स्वतः काढावी लागतात, नाहीतर कोणीतरी हाताने. तेही झालं नाही तर कॉम्प्युटर रीस्टार्ट होईपर्यंत ती तशीच राहतात.

सामायिक सातबाऱ्याचं असंच असतं. चार भावांपैकी एक वारला, तरी वारस नोंद होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत त्याचं नाव उताऱ्यावर राहतं. माणूस नाही, पण नाव आहे, आणि त्या नावापायी पुढचा व्यवहार अडतो.

याचं गाजलेलं उदाहरण अपाची या वेब सर्व्हरचं. तो जबरदस्तीने बंद केला गेला की काही वेळा त्याचे सेमाफोर मागे राहत. असं वारंवार झालं की सिस्टीमने ठरवलेली सेमाफोरची मर्यादा संपे. मग सर्व्हर सुरू करताना 'डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही' असा संदेश येई. डिस्क तपासावी तर ती अर्धी रिकामी! जागा डिस्कवरची संपलेली नसायची, सेमाफोरची संपलेली असायची.

कमांड कशी वापरायची?

टर्मिनल उघडून आय, पी, सी, एस ही चार इंग्रजी अक्षरं लहान लिपीत सलग टाइप केली की तिन्ही साधनांचे तक्ते दिसतात. पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि एक अक्षर जोडलं की हवी तेवढीच माहिती मिळते:

• एम: फक्त शेअर्ड मेमरी
• क्यू: फक्त मेसेज क्यू
• एस: फक्त सेमाफोर
• एल: सिस्टीमने ठरवलेल्या मर्यादा
• यू: एकूण वापराचा गोषवारा
• पी: साधन कोणत्या प्रोसेसने तयार केलं आणि शेवटी कोणी वापरलं
• टी: शेवटचा वापर कधी झाला

शेअर्ड मेमरीच्या तक्त्यात आयडी, मालक, परवानग्या आणि आकार यांच्या बरोबरीने 'एनअटॅच' नावाचा रकाना असतो. या घडीला किती प्रोसेस त्या तुकड्याला जोडलेल्या आहेत, हे तो सांगतो. तिथे शून्य असेल तर तो तुकडा बेवारस असू शकतो.

शून्य दिसलं की लगेच काढायचं का?

नाही. काही प्रोग्राम तुकडा आधी तयार करून ठेवतात आणि नंतर जोडले जातात. त्यामुळे मालक कोण, तयार करणारी प्रोसेस जिवंत आहे का, शेवटचा वापर कधीचा, हे तिन्ही पाहूनच निर्णय घ्यावा. सेमाफोरच्या तक्त्यात तर एनअटॅच हा रकानाच नसतो. तिथे मालक आणि वेळ यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

साधन काढण्याची कमांड वेगळी आहे, 'आयपीसीआरएम'. वापरात असलेली शेअर्ड मेमरी तिने काढली, तर शेवटची प्रोसेस सुटेपर्यंत तुकडा टिकतो. सेमाफोर आणि मेसेज क्यू मात्र तत्काळ नाहीसे होतात आणि त्यांच्यावर थांबलेल्या प्रोसेसच्या पदरी एरर येतो. चालू कामातला सेमाफोर उडवला, तर धडधाकट सर्व्हरही कोसळू शकतो.

पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१३ मध्ये आलेल्या ९.३ आवृत्तीपासून तो बहुतेक मेमरी दुसऱ्या पद्धतीने घेतो, पण सिस्टीम फाइव्हचा एक अगदी छोटा तुकडा राखून ठेवतो. तक्त्यात तो कचऱ्यासारखा दिसतो, पण काम पहारेकऱ्याचं करतो. जुन्या सर्व्हरची एखादी प्रोसेस अजून जोडलेली आहे का, हे त्यावरून कळतं. असेल तर नवा सर्व्हर सुरू होत नाही, कारण दोघांनी एकाच वेळी त्याच फाइलींवर लिहिलं तर डेटा बिघडतो. आकार लहान म्हणून वस्तू बिनकामाची, हा हिशेब इथे चालत नाही.

मोबाइलमध्येही हे असतं का?

मॅकवर आयपीसीएस कमांड आहे. अँड्रॉइडचा पाया लिनक्सचाच असला तरी तिथे सिस्टीम फाइव्ह आयपीसी मुद्दाम वगळलेली आहे. कारण हेच: मोबाइलवर अॅप सतत बंद केले जातात, आणि प्रत्येक अॅप आपली साधनं मागे ठेवून गेला तर फोन हळूहळू अडेल. म्हणून अँड्रॉइडचे अॅप आपसात बोलण्यासाठी 'बाइंडर' नावाची वेगळी व्यवस्था वापरतात. त्यात अॅप संपला की त्याचं सामानही सिस्टीमच आवरते.

सर्व्हरवर मात्र ही आवराआवर अजूनही बऱ्याचदा माणसाकडेच असते. आयपीसीएस फक्त यादी देते. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे यादी नीट वाचणाऱ्यानेच ठरवायचं असतं.